चाकांचीही पत्रिका जुळावी लागते!

रविवारची सकाळ. सहाचा सुमार. नव्या रायपूरचे सहापदरी रस्ते अजून अर्धवट झोपेत आहेत. इतर दिवशी मंत्रालयाकडे धावणाऱ्या सरकारी गाड्या आज नाहीत. छत्तीसगडचं मंत्रालय २०१२ साली जुन्या रायपुरातून इकडे हललं, त्याच्या भोवती आखीव-रेखीव शहर उभं राहिलं, २०१८ साली त्याला अटलबिहारी वाजपेयींचं नावही मिळालं. रस्ते मात्र अजून माणसांपेक्षा मोठेच आहेत! कुणी सेंध तलावाकडे फिरायला निघालंय, कुणी शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमजवळ व्यायाम करतंय. आणि या सगळ्यांच्या बाजूने एखादी चकचकीत सेडान सुळकन निघून जाते. तिची चाकं बघून फिरायला आलेला तरुण थबकतो. अठरा इंची, काळीभोर, बारीक आऱ्यांची चाकं. टायर इतके चपटे की जणू रबराची पट्टीच चिकटवलीय.

तिथेच त्याच्या मनात किडा वळवळतो. आपल्याही गाडीला अशी चाकं हवीत!

आता त्याचं घर डोळ्यांपुढे आणा. जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातलं मराठी कुटुंब. भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी माणसाची ये-जा. घरात आई, बाबा, आजी आणि नुकताच कमावता झालेला मुलगा. दारात नवी स्पोर्ट सेडान. व्हर्टस किंवा स्लाव्हिया म्हणा. दोन्ही पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या, दीड लिटरच्या टर्बो इंजिनातून दीडशे अश्वशक्ती काढणाऱ्या. मुलगा संध्याकाळी चाकांच्या दुकानात जातो. दुकानदार गाडीकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, ‘‘अठारा इंच? हो जाएगा भैया!’’

या ‘हो जाएगा’मध्येच सगळी गोम आहे. चाक गाडीला बसणं वेगळं आणि शोभणं वेगळं, हे सगळ्यांना कळतं. पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

रस्ता एक नाही, तीन आहेत

मुलाने चाक पाहिलं ते नव्या रायपूरच्या गुळगुळीत रस्त्यावर. पण गाडी रात्री मुक्कामाला येते ती जुन्या वस्तीतल्या गल्लीत. तिथे गटारावरची उंच झाकणं, अचानक उगवणारे गतिरोधक आणि पावसाळ्यात पाण्याखाली लपलेले खड्डे. शिवाय वर्षातून चार-पाच वेळा लग्न-मुंजीला नागपूर गाठावं लागतं. म्हणजे राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून जवळपास तीनशे किलोमीटर. पाच माणसं, भरलेली डिकी, वर उन्हाळ्याचा पंचेचाळीस अंशांचा तडाखा. पावसाळ्यात तर रात्री महामार्गावर गुरं बसलेली असतात. जोरात ब्रेक कधी दाबावा लागेल, सांगता येत नाही.

गाडीचं इंजिन कितीही दमदार असो, रस्त्याला टेकतात ते तळहाताएवढे रबराचे चार तुकडे. वेग घेणं, वळणं, थांबणं, सगळं त्या चार तुकड्यांच्या जोरावर. म्हणून चाक निवडायचं ते सर्वांत चांगल्या रस्त्यासाठी नाही. सर्वांत वाईट रस्त्यासाठी, तेही सर्वांत जास्त ओझं घेऊन!

अलॉय चाक म्हणजे नुसता नखरा, असंही समजू नका. फ्रान्समधल्या लिऑं इथे १९२४ साली झालेल्या ग्रां प्रीमध्ये बुगाटीने आपली ‘टाइप ३५’ गाडी ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर उतरवली. मूळ हेतू होता चाक हलकं आणि मजबूत करणं. आज मात्र पुष्कळदा उलटंच होतं. मोठं आणि स्वस्त चाक कारखान्याच्या चाकापेक्षा जड निघतं. जड चाक खड्ड्यातून पटकन वर-खाली होत नाही, सस्पेन्शनवर ताण टाकतं, गाडीचा उचलपणाही मारतं. म्हणजे हौस स्पोर्टची आणि चाल बैलगाडीची! दुकानात वजनकाटा असला तर जुनं आणि नवं चाक टायरसकट मोजून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

पत्रिकेतले गुण

पहिला गुण पीसीडीचा. चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात, त्याचा हा व्यास. व्हर्टस आणि स्लाव्हियाचा आकडा ५ बाय १००. म्हणजे पाच बोल्ट, शंभर मिलिमीटरचं वर्तुळ. होंडा सिटीचा ४ बाय १००. जुन्या फोर्ड फिएस्टाचा ४ बाय १०८, फियाट लिनियाचा ४ बाय ९८. आता ९८ आणि १०० यांत फरक किती? दोन मिलिमीटर. जोर लावून आवळलं तर चाक ‘बसतं’. पण बोल्ट तिरके होतात, त्यांच्यावर कायमचा ताण राहतो आणि एक दिवस ते सैल होतात किंवा तुटतात. जवळचा आकडा हा जुळलेला आकडा नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा.

दुसरा गुण मधल्या भोकाचा. गाडीच्या हबचा उंचवटा चाकाच्या मधल्या भोकात घट्ट बसायला हवा. व्हर्टस-स्लाव्हियाला हे माप ५७.१ मिलिमीटर आहे, होंडा सिटीला ५६.१. बाजारातली चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवलेलं असतं. मधली फट भरायला नेमक्या मापाची कडी मिळते. ती स्वस्त असते, म्हणूनच बहुधा विसरली जाते. मग चाक मध्यावर बसत नाही आणि ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. माणूस बॅलन्सिंग करून करून थकतो. दुखणं भलतीकडेच असतं.

तिसरा गुण ऑफसेटचा. चाकावर ‘ईटी’ या अक्षरांपुढे हा आकडा कोरलेला असतो. चाकाची मध्यरेषा आणि चाक हबला टेकतं ती जागा, यांतलं हे अंतर मिलिमीटरमध्ये. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं. एक उदाहरण घ्या. मूळ चाक सहा इंच रुंद, ऑफसेट ४५. नवं चाक सात इंच रुंद, ऑफसेट ३५. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण १२.७ मिलिमीटर. त्यात ऑफसेटचे १० मिलिमीटर बाहेरच्या बाजूला मिळवा. बाहेरची कड तब्बल २२.७ मिलिमीटर बाहेर आली, आतली फक्त २.७ मिलिमीटर आत गेली. गाडी रुंद खांद्यांची, ऐटबाज दिसते. पण पाच माणसं बसली आणि गतिरोधक आला की टायर मडगार्डला घासतो. बेअरिंगवर जादा भार येतो, खड्ड्यात एक चाक गेलं की स्टिअरिंग हाताला हिसका देतं.

चौथा गुण उंचीचा. टायरवर २०५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. १६ हा रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर भिंत जवळपास ११३ मिलिमीटर आणि टायरसकट चाकाची एकूण उंची ६३२ मिलिमीटर. रिम बदला, पण ही एकूण उंची दोन-तीन टक्क्यांपलीकडे हलू देऊ नका. २०५/५० आर १७ घेतला तर उंची होते ६३७. एक टक्कासुद्धा फरक नाही. पण कुणी २१५/५५ आर १७ गळ्यात मारला तर ती होते ६६८. जवळपास सहा टक्के जास्त! मग मीटरवरचा काटा शंभरला असताना गाडी पूर्वीपेक्षा सहा किलोमीटर जास्त वेगाने धावत असते. वेग, किलोमीटर आणि टायर घासण्याची भीती, तिन्हींचा हिशेब चुकतो.

पाचवा गुण ताकदीचा. हा बहुतेकजण बघतच नाहीत. मापापुढे ‘९१ व्ही’ असं काहीतरी असतं. ९१ म्हणजे तो टायर ६१५ किलो भार पेलू शकतो. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. आता तो देखणा २१५/४० आर १८ घ्या. त्याचा साधा टायर ८५ क्रमांकाचा असला तर पेलतो ५१५ किलो. एका चाकामागे शंभर किलो कमी! टायर रुंद झाला, दिसायला दणकट झाला, पण ओझं उचलण्याची ताकद घटली. आजी, आई आणि लग्नाच्या बॅगा गाडीत आहेत, हे त्या टायरला कोण सांगणार? अशा मापात जादा भाराचे ‘एक्सएल’ टायर मिळतात, पण त्यांना तो भार पेलायला हवाही जास्त लागते. कारखान्याने दिलेल्या क्रमांकाच्या खाली उतरायचं नाही, हा साधा नियम. रिमवरही आतल्या बाजूला भाराचा आकडा कोरलेला असतो, तोही वाचून घ्या.

भिंत पातळ, खड्डा खोल

आता त्या चपट्या टायरकडे पुन्हा वळा. १६ इंची चाकाला रबराची भिंत ११३ मिलिमीटर. १७ इंचीला (२०५/५०) साधारण १०२. १८ इंचीला (२१५/४०) फक्त ८६. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्या मधली उशी इंचाहून जास्त कमी झाली. खड्ड्याची कड टायर दाबून सरळ रिमवर आदळते. पत्र्याची रिम अशा वेळी वाकते. ओतीव अलॉय वाकतंच असं नाही. त्याला बारीक तडा जाऊ शकतो. तो तडा बहुतेक वेळा आतल्या बाजूला असतो, दिसत नाही. हवा रोज थोडी थोडी कमी होते आणि माणूस पंक्चरवाल्याकडे खेपा घालत राहतो.

इथे बाजारातलं एक धोकादायक औषध सांगितलं जातं: ‘वेल्डिंग मारून देतो, नव्यासारखं होईल.’ दिसतं नव्यासारखंच. पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेच्या धातूची मूळ ताकद जाते. किंचित वाकलेली कड जाणकाराकडून सरळ करून घेणं वेगळं. तडा गेलेलं चाक मात्र निकालातच काढावं. भंगारात चार पैसे मिळतील, तेवढ्यावर समाधान मानावं.

चाक विकत घेतानाच खात्री केलेली बरी. नामवंत कंपनीच्या नक्षीची नक्कल बाजारात सर्रास मिळते. नक्षी कुणालाही उतरवता येते, ताकद येत नाही. चांगलं चाक तीन परीक्षांतून जातं. वळणाचा ताण लाखो फेऱ्यांपर्यंत देऊन, उभा भार टाकून सतत फिरवून आणि वरून वजन आदळून ते तपासलं जातं. प्रवासी गाड्यांच्या चाकांसाठी भारतीय मानक आहे आयएस ९४३६, टायरसाठी आयएस १५६३३. जपानी चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण असते. खूण नाही, भाराचा आकडा नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, असं चाक कितीही देखणं असलं तरी हात जोडून परत करा.

बोल्टकडे कोण बघतो?

चाक जुळलं, टायर जुळला, आता घोडं कुठे अडतं? बोल्टवर! फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ बोल्टचं बसण्याचं टोक गोलसर असतं. बाजारातल्या बहुतेक चाकांना लागतं ते शंकूसारखं निमुळतं. गोल बोल्ट निमुळत्या खाचेत आवळला तर तो फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. आज घट्ट वाटतो, पाचशे किलोमीटरनंतर सैल. होंडाच्या मूळ नटांचीही हीच गोष्ट. म्हणून नव्या चाकाबरोबर त्याला जुळणारे बोल्ट किंवा नट घ्यायचेच.

आणि जुने फेकायचे नाहीत! कारण डिकीतली स्टेपनी मूळ चाकाचीच असते. देवरीच्या पुढे अंधारात पंक्चर झालं, स्टेपनी काढली आणि हातात फक्त निमुळते बोल्ट असले, तर काय करणार? जुने बोल्ट कापडी पिशवीत घालून स्टेपनीशेजारीच ठेवा.

कायदा आणि विमा

गाडी आपल्या पैशाची, मग चाक आपल्या मर्जीचं का नाही? कायदा तसं म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात न बसणाऱ्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून मडगार्डबाहेर डोकावणारी चाकं लावून फिरणं हे संकटाला आमंत्रणच.

विम्याचंही तसंच. गाडीच्या किमतीत मूळ चाकं धरलेली असतात. नवी, महागडी चाकं विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत चढवली नाहीत, तर चोरी किंवा अपघातानंतर त्यांची भरपाई मागायची कुठल्या तोंडाने? हमीचा प्रश्नही आहेच. सस्पेन्शनचं काम निघालं की कंपनी पहिलं बोट बदललेल्या चाकाकडे दाखवणार. म्हणून आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

सर्वांत निर्धोक वाट एकच. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जे माप दिलंय, ते घ्या. होंडा सिटीच्या खालच्या मॉडेलांना १८५/६० आर १५ आणि वरच्यांना १८५/५५ आर १६ आलेले आहेत. उंचीतला फरक जेमतेम सात मिलिमीटर. कंपनीच्या अभियंत्यांनी पत्रिका आधीच जुळवून ठेवलेली असते, आपण फक्त मुहूर्त धरायचा!

बसवण्याच्या दिवशी

चाक बसवताना स्वतः उभे राहा. हबवरचा गंज घासून काढायला लावा. बोल्ट आधी हाताने फिरले पाहिजेत, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. शेवटचा पीळ हवेच्या यंत्राने नको. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला लावलेल्या टॉर्क रेंचने हवा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. घरी जाण्याआधी पाच माणसं बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि एखादा गतिरोधक सावकाश ओलांडा. घासल्याचा जरासाही आवाज आला तर चाक तिथेच उतरवा. ‘थोडं घासतंच, मडगार्ड आतून कापून देतो’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी. आणि हवा नेहमी टायर थंड असताना बघा. भर दुपारी पळवून आणलेल्या गाडीची हवा वाढलेलीच दिसणार. ती तेव्हा काढून टाकली तर सकाळी टायर उपाशी!

मग त्या मुलाने काय करावं?

तात्यापाऱ्यातल्या त्या घरात वाद होणारच. मुलगा म्हणेल, ‘‘बाबा, सगळे लावतात.’’ बाबा म्हणतील, ‘‘अरे, सगळे आजीला घेऊन नागपूरला जातात का?’’ दोघांचंही खरं आहे. तरुण वयात गाडी सजवावीशी वाटणं हा काही गुन्हा नाही. स्वतःच्या कमाईतून केलेली हौस आहे, तिला सरसकट नाही म्हणू नये. पण हौस मुलाची आणि हादरे आजीच्या मणक्याला, हा न्याय नव्हे.

मधला मार्ग आहे. अठराचा हट्ट सोडून सतरावर यावं, तेही गाडीच्या कंपनीला आणि विमा कंपनीला विचारून. ५ बाय १०० ची पीसीडी, ५७.१ ची नेमकी कडी, मूळच्या जवळचा ऑफसेट, २०५/५० आर १७ चा टायर आणि भाराचा क्रमांक ९१ किंवा त्याहून वर. एवढं जुळलं तर चाक खुशाल काळं घ्या, रुपेरी घ्या. जुळत नसेल तर मूळ सोळा इंची चाकंच ठेवून त्यांवर उत्तम प्रतीचे टायर चढवावेत. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की त्यांची किंमत कळते. चाकाच्या चकाकीने गाडी कधी थांबलेली नाही.

आणि निवड बरोबर झाली की नाही, हे ओळखायचं कसं? नव्या रायपूरच्या रस्त्यावर मित्रांनी केलेल्या ‘वा!’वर जाऊ नका. पुढच्या लग्नाला घरच्यांना घेऊन नागपूरची वाट धरा. खड्डे येतील, गतिरोधक येतील, एखाद्या गाईसाठी कचकन ब्रेक लागेल. साकोली आल्यावर आरशातून मागे बघा. आजी खिडकीला डोकं टेकवून शांत झोपलेली असेल, तर समजा, छत्तीस गुण जुळले!